हात लावू नये

मी एक जुनी पेटी आहे. भात्याची, सुरांची, वाजवायची. सध्या काचेच्या कपाटात बसले आहे आणि मला भयंकर राग आला आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या पेटीने चिडू नये असे तुम्हाला वाटत असेल, तर आधी माझे ऐका.

एका कारागिराने मला मन लावून घडवले आणि पुढे मी इस्पितळात आले. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसांच्या वॉर्डात मला ठेवले होते, शोभेला नव्हे, कामाला. थोरल्या सिस्टर रोज दुपारी माझ्यापाशी बसत.

तिथे एक शिंपी आला. त्याचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. बायको खाटेशी बसून म्हणायची, "अहो, भांडा माझ्याशी, पण बोला." सिस्टरांनी त्याचा डावा हात माझ्या भात्यावर ठेवला आणि पट्ट्या स्वतःकडे घेतल्या. त्याने भाता मारला तरच मी वाजणार, अशी वाटणी. ज्याच्या तोंडून साधा शब्द फुटत नव्हता, तो एक दिवस माझ्या सुरात सूर मिसळून गायला, "पाणी दे, पाणी दे." बायकोच्या हातचे भांडेच पडले. खिडकी उघडी की बंद यावरून रोज भांडणारे शेजारचे दोघेही मग ठेका धरू लागले.

पुढे नवे मोठे साहेब आले. त्यांनी माझे कौतुक केले आणि त्या कौतुकानेच माझा गळा दाबला. इतकी जुनी वस्तू रुग्णांच्या हाती देता, म्हणून ते सिस्टरांवर डाफरले. मला दर्शनी दालनात काचेत कोंडले, कुलूप घातले आणि पाटी लावली : 'कला हे मनाचे औषध आहे. हात लावू नये.' औषधाला घट्ट बूच लावून बाटलीची आरती करणाऱ्या या शहाण्यांना काय म्हणावे?

शिंप्याच्या बायकोने साहेबांना गाठले. ते म्हणाले, "अहो बाई, दिवसभर स्पीकरवर गाणी लावतो ना आम्ही!" स्पीकरला शिंप्याच्या हाताची गरज नव्हती. मला होती.

काल घरी जाताना तो माझ्यासमोर थांबला. डावा तळवा काचेवर टेकवून भाता मारावा तसा दाबू लागला. ओठ हलले, शब्द आला नाही. काचेला डाग पडतात म्हणून शिपायाने त्याला बाजूला केले.

मित्रांनो, मला रोज पुसू नका. माझ्या पट्ट्या झिजू द्या. भाता फाटला तर ठिगळ लावा, शिंपी ओळखीचा आहे. फक्त किल्ली मागून आणा. तो तपासणीला परत येईल तेव्हा मला उघडी ठेवा. त्याचे बायकोशी भांडायचे राहिले आहे.