उजवा पाय

करार साधा होता. मी लेकीची मोटरसायकल एकटीने पोस्टाच्या चौकापर्यंत न्यायची आणि न पडता परत आणायची. जमलं तर गाडी माझी. नाही जमलं, तर पाच वाजता येणारं गिऱ्हाईक ती घेऊन जाणार. लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती आणि रविवारी ती निघणार होती. माझी मोठी बहीण पुलापलीकडे राहते, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. दर बुधवारी लेकीच्या मागे बसून मी तिच्याकडे जायचे. आता कुणाच्या मागे बसणार? ‘तिकडे जाताय का हो?’ असं दारोदार विचारणं माझ्याच्याने होत नाही.

मी कपडे शिवते. तीस वर्षं झाली. दोरा तुटला की नवा ओवून पुढे जाणाऱ्यातली मी नाही. तो का तुटला हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी मी मशीन उघडून बसते. पंधरा दिवस लेक मागे बसून मला शिकवत होती आणि कानाशी ‘ब्रेक, ब्रेक’ करत होती. आज मागची सीट रिकामी होती. ती फाटकात हाताची घडी घालून उभी राहिली.

“घोडामैदान जवळच आहे,” मी म्हटलं आणि क्लच सोडला. गाडी एक हिसका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला लेक वर आभाळाकडे बघायला लागली, तेव्हा कुठे गाडी हलली. मला लाज वाटली नाही, नवल वाटलं. काल हीच गाडी लोण्यासारखी चालत होती. मग आज तिला काय धाड भरली?

गल्ली सरळ होती. वाटेत हार्डवेअरचं दुकान लागतं. दुकानदाराला सगळे बादलीवाला म्हणतात, कारण दुकानात जेवढ्या बादल्या असतात त्याहून जास्त तो फुटपाथवर रचून ठेवतो. तिथेच एक बाई भाजीची पिशवी घेऊन अचानक रस्त्यात आली. मी घाबरले आणि गाडी थांबवली. म्हणजे मला वाटलं, थांबवली. गाडी मात्र त्या बाईला वळसा घालून सरळ बादल्यांत घुसली आणि आडवी झाली. मी तिच्या शेजारी, मांडीवर एक निळी बादली.

बादलीवाला धावत बाहेर आला. “वहिनी, लागलं का?”

“थांबा जरा,” मी म्हटलं. “मी पाय का उचलला?”

“कोणता पाय?”

“उजवा. घाबरले तेव्हा मी उजवा पाय वर उचलला. ब्रेक त्याच्याखाली असताना.”

तो माझ्या डोक्याकडे संशयाने बघायला लागला. मी तिथेच बसून डोळे मिटले आणि पाय पुन्हा तसाच हलवून बघितला. आणि लख्ख उजेड पडला. शिलाई मशीन! तिथे उजव्या पायाने पेडल दाबलं की मशीन धावतं, पाय उचलला की जागच्या जागी थांबतं. सुई बोटाशी आली की तीस वर्षं मी पाय उचलत आलेय. फाटकातही तेच केलं होतं. गाडी चालावी म्हणून मी पाय दाबत होते, म्हणजे ब्रेक आवळत होते. मागून कानाशी लेक ओरडत होती तोवर पाय तिचं ऐकत होता. एकटा पडल्यावर स्वतःच्या वळणावर गेला. जित्याची खोड!

मला इतका आनंद झाला की मी हसत सुटले. बादलीवाला गाडी उचलायला वाकला, पण मी त्याला अडवलं. कापडाचे तागे मी पाठीने उचलते. गाडीकडे पाठ केली, हँडल आणि सीटखालची नळी धरली आणि पायांवर जोर देऊन ती उभी केली. डाव्या बाजूचा आरसा फुटला होता.

पुढे पोस्टापर्यंत मी मोठमोठ्याने ‘दाब म्हणजे थांब’ म्हणत गेले. चौकात वळताना इतका मनापासून दाबला की गाडी खिळल्यासारखी उभी राहिली आणि आम्ही दोघी सावकाश कलंडलो. पुन्हा उचलली. पाय शिकत होता, फक्त जरा जास्त उत्साहाने.

घरी पोहोचले तेव्हा गिऱ्हाईक आलेलं होतं. लेकीने आधी माझ्या कोपराकडे बघितलं, मग आरशाकडे.

“पडलीस?”

खोटं बोलता आलं असतं, पण फुटका आरसा समोरच होता. “दोनदा.” पुढचा बुधवार डोळ्यांसमोर आला. दाराकडे डोळे लावून पडलेली बहीण दिसली. तरीही राहवेना, म्हणून मी लेकीला पायाचं सगळं सांगितलं, अगदी पेडल दाबून दाखवल्यासारखं.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, “गाडी उचलली कुणी?”

“मी. कोण उचलणार?”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

ती गिऱ्हाइकाकडे वळली. “माफ करा, उगाच फेरी पडली तुम्हाला. गाडी विकायची नाही.”

तो कुरकुरत निघून गेला. मी म्हटलं, “अगं, पण न पडता यायचं ठरलं होतं.”

“तू पडशील याची भीती नव्हती गं आई,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “मी नसताना पडलीस तर, याची होती.”