समोरची फिल्म

शर्यत संपली आणि टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या. निकालाच्या फळ्यावर लाल दिवा लागला होता. लाल दिवा म्हणजे चौकशी. पहिला आलेला घोडा खरोखर पहिला आहे का, हे आता घोड्याच्या हातात राहिलं नव्हतं. ते पंच ठरवणार होते.

स्टँडच्या वरच्या मजल्यावर, फिल्मरूममध्ये बसलेल्या ताईला मात्र हे दिवा लागायच्या आधीच कळलं होतं. तिने ते पडद्यावर होताना पाहिलं होतं. शेवटचे दोनशे मीटर उरले असताना करडा घोडा उजवीकडे सरकला, शेजारून येणाऱ्या, मैदानावरच्या सगळ्यात बड्या मालकाच्या निळ्या तबेल्याच्या घोड्याला खांदा लागला, त्याची एक टाप चुकली, आणि करडा फक्त मानेएवढा पुढे राहून जिंकला. करड्यावर होता तिचा सख्खा धाकटा भाऊ.

त्याला सगळे काडी म्हणत. जॉकी म्हणजे आधीच मूठभर माणसं, त्यातही हा असा की खोगीर हातात घेतलं तर खोगीरच त्याला घेऊन चाललंय असं वाटावं. आणि तिला सगळे ताई म्हणत, फाटकावरच्या शिपायापासून ते तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या ट्रेनरांपर्यंत. एकाची ताई झाली की सगळ्यांचीच होते, त्यात तिला काही विचारलं जात नाही.

टेबलावरचा फोन वाजला. पंचांच्या खोलीतून.

"समोरची द्या," पलीकडून आवाज आला आणि फोन ठेवला गेला.

ताईने मशीनमधून आजच्या फिल्मची चिप काढली. तिला हेच ऐकायला मिळणार हे ठाऊक होतं.

त्याचं असं होतं. मैदानावर दोन कॅमेरे. एक बाजूचा, स्टँडच्या छतावर. त्यात घोडे आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागोमाग जाताना दिसतात. कोण किती पुढे ते कळतं, पण कोण कुणाच्या वाटेत घुसला ते नाही. दुसरा समोरचा, सरळ वाटेच्या टोकाला असलेल्या मनोऱ्यावर. त्यात घोडे अंगावर धावून येतात, आणि कोण वीतभर जरी आडवा गेला तरी लपत नाही. बाजूची फिल्म पाहिली तर सगळे साधू. समोरची पाहिली तर एखाद-दुसरा चोर निघायचाच.

ताईला एक खोड होती. पंच कुठली फिल्म मागतात ते ती वहीत टिपून ठेवायची. सुरुवातीला कंटाळा घालवायला, मग कंटाळा गेला आणि सवय राहिली. या हंगामात अकरा चौकश्या झाल्या होत्या. चार वेळा तक्रार निळ्या तबेल्याच्या घोड्याविरुद्ध होती. चारही वेळा फोनवर 'बाजूची' असंच सांगितलं होतं. चारही वेळा निकाल कायम. उरलेल्या सात वेळा 'समोरची'. त्या सातातले दोन घोडे काडीचे, आणि दोन्ही बाद.

आज तिसऱ्यांदा. एका हंगामात तिसरा घोडा बाद झाला की जॉकीचा परवाना दोन वर्षांसाठी जातो, असा नियम होता. आणि दोन वर्षं घरी बसलेला जॉकी पुन्हा जॉकी होत नाही. आईच्या हातचं दोन वेळचं जेवण पोटभर जेवला की संपलंच. काडीला दुसरं काहीच येत नव्हतं. शाळेतही तो मागच्या बाकावर बसून बाकालाच टाचा मारायचा.

दार ढकलून तराजूकाका आत आले. शर्यतीनंतर जॉकीला खोगिरासकट काट्यावर बसवून वजन घ्यायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम.

"वजन बरोबर भरलं त्याचं," ते म्हणाले. "आज त्याचं तेवढंच बरोबर आहे."

"कसा आहे?"

"पांढरा पडलाय. तोंडाला चिखल आहे म्हणून कळत नाही." त्यांनी तिच्या हातात कपाटातून काढलेली दुसरी चिप पाहिली. "एकच मागितलीय ना त्यांनी? मग दोन कशाला?"

"मागच्या महिन्यातली सहावी शर्यत आठवते, काका?"

"मला कालची भाजी आठवत नाही."

"निळ्यांचा घोडा सरळ वाट सोडून दोघांच्या पुढ्यात घुसला होता. आजच्यापेक्षा तिप्पट आडवा. त्यांनी बाजूची मागितली, पाहिली, निकाल कायम. समोरची माझ्याकडेच राहिली. ती कुणी बघितलेलीच नाही."

"कुणी मागितली नाही, असं म्हण."

"दोन्ही शेजारी शेजारी लावते. एकाच पडद्यावर. मग कुठल्या तोंडाने म्हणतील, हा बाद आणि तो नाही?"

तराजूकाकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. चेष्टा करायचा त्यांचा तो सूर आता नव्हता.

"तुझं काम मशीन चालवायचं. मशीन चालव आणि बाहेर ये. त्या खोलीत न मागता काही देऊ नये, पोरी. ते घेतात."

पण ताईने दोन्ही चिपा मुठीत धरल्या होत्या, आणि ती उठलीही होती.

पंचांची खोली लांबट होती. खिडक्यांचे पडदे ओढलेले, त्यामुळे भर दुपारी आत संध्याकाळ. टेबलापलीकडे तिघे. मधले अध्यक्ष, ज्यांना बाहेर सगळे मऊसाहेब म्हणत, कारण त्यांचा आवाज कधी वर चढायचा नाही. त्यांनी आजवर जेवढे परवाने रद्द केले ते सगळे झोपलेल्या बाळाला उठवू नये अशा आवाजात. डावीकडे एक जाडजूड पंच, उजवीकडे एक म्हातारे पंच, ज्यांच्यापुढे शर्यतीचं छापील पुस्तक उघडं होतं.

टेबलाच्या अलीकडे काडी उभा होता, आणि त्याच्यापासून दोन हात लांब निळ्यांचा जॉकी, एक खांदा दाबून धरलेला. खांद्याला काही झालं नव्हतं. दोघांची बाजू ऐकून झाली होती. मऊसाहेबांनी मान हलवली तसे दोघे बाहेर निघाले. जाता जाता काडीने ताईकडे पाहिलं. लहानपणी दगडाने काच फुटली की तो असाच बघायचा.

तिने आजची फिल्म लावली. पडद्यावर करडा सरकला, खांदा लागला, टाप चुकली.

"स्पष्ट आहे," जाडजूड पंच म्हणाले.

"साहेब," ताई म्हणाली. आपला आवाज एवढा खणखणीत निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "अजून एक दाखवायची आहे. मागच्या महिन्यातली. तेव्हा निकाल कायम झाला होता. एकदा दोन्ही बघा, आणि मग काय ते ठरवा."

तिघांनीही पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. मशीन चालवणाऱ्या बाईने तोंड उघडायची ही पहिलीच वेळ असावी. मग मऊसाहेब हसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने एक खुर्ची पुढे सरकवली.

"बसा की, ताई. लावा."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तिने पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे आजचा करडा, उजवीकडे मागच्या महिन्यातला निळ्यांचा घोडा. दोन्ही एकदम सुरू. उजवीकडचा असा आडवा गेला की मागच्या दोन जॉकींना लगाम खेचून जवळजवळ उभंच राहावं लागलं.

"हे फारच झालं," म्हातारे पंच पुटपुटले. "हे आपण कसं सोडलं?"

जाडजूड पंच खोकले. जमलं, ताईला वाटलं.

"पुन्हा लावा," मऊसाहेब म्हणाले. तिने लावली. "पुन्हा. आता फक्त ही जुनीच." तिने लावली. ते खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले.

"थांबवा. थोडं मागे. इथे." त्यांचं बोट पडद्याच्या अगदी कडेला टेकलं होतं, निळ्यांच्या घोड्यापासून खूप लांब. "हा कोण?"

ताईने ही फिल्म वीस-पंचवीस वेळा पाहिली असेल. पण फिल्मरूमचं शिक्षणच असं की डोळे पुढच्या दोन घोड्यांवर खिळवायचे. मागचे काय करतात ते निकालात येत नाही, म्हणून डोळ्यांतही येत नाही. आता तिने कडेला पाहिलं.

तिथे एक करडा घोडा होता. त्याच्या वाटेत कुणीच नव्हतं. समोर सगळं मैदान मोकळं. तरी त्याचं तोंड आ वासलेलं, मान वर ताणलेली, कारण पाठीवरचा जॉकी रिकिबीत मागे रेलून दोन्ही हातांनी लगाम आवळत होता. घोड्याला धावायचं होतं. जॉकी धावू देत नव्हता. एवढा हलका जॉकी मैदानावर एकच होता.

"हा आजचाच ना?" मऊसाहेबांनी विचारलं.

म्हाताऱ्या पंचांनी पुस्तकाची पानं मागे उलटली. "तोच. त्या दिवशी पाचवा आला. म्हणून पुढच्या शर्यतीसाठी त्याच्या पाठीवर द्यायचं वजन चार किलोने उतरवलं. आज ते चार किलो कमी घेऊनच जिंकला."

एक दिवस हरायचं, म्हणजे पाठीवरचं वजन उतरतं; मग दुसऱ्या दिवशी जिंकायचं. मैदानावर शेंबड्या पोरालाही माहीत असलेली ही युक्ती. ताईलाही माहीत होती. फक्त ती आपल्या घरात आलेली तिला माहीत नव्हतं.

मऊसाहेबांनी चष्मा काढला आणि रुमालाने सावकाश पुसला.

"आडवं जाण्याला दोन वर्षं," ते म्हणाले. "घोडा ओढण्याला किती, ताई?"

ताई पडद्यावरच्या करड्याकडेच बघत होती.

"कायमचं," म्हातारे पंच म्हणाले.

"कायमचं," मऊसाहेबांनी मान डोलावली. "पण आपण आज आजच्याच शर्यतीचं बघतोय. करडा थोडा सरकला. जनावर आहे, दमलं की सरकतं. निकालात त्याने फरक पडला असं मला तरी दिसत नाही. तुम्हाला दिसतं?"

जाडजूड पंचांनी तोंड उघडलं, मऊसाहेबांकडे पाहिलं आणि मिटलं. "नाही," ते म्हणाले. म्हातारे पंच पुस्तकात बघत राहिले.

"मग निकाल कायम." मऊसाहेबांनी तिच्यापुढे हात पसरला. "ती जुनी चिप इथे राहू दे."

"साहेब, नियमाने ती फिल्मरूमच्या कपाटात ठेवायची असते."

"हो ना. नियमानेच."

हात तसाच पसरलेला होता. तिने चिप त्यावर ठेवली. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली, किल्ली फिरवली, आणि तिचे आभार मानले. अगदी मनापासून मानले.

बाहेर लाल दिवा विझला तसा स्टँडमधून असा गलका उठला की काचा थरथरल्या. निळ्यांचा जॉकी कॉरिडॉरमध्ये दाबायचा खांदा विसरून उभा होता. तराजूकाका जिन्यावरून धापा टाकत आले.

"निळ्यांच्या विरोधात निकाल?" ते हळूच म्हणाले. "मी तीस वर्षांत पाहिला नाही. काय दिलंस तू त्यांना?"

तेवढ्यात काडीने ताईला मिठीच मारली. चिखल, घाम आणि घोड्याचा वास.

"ताई, तू काय बोललीस आत? सगळे म्हणतायत, तूच वाचवलंस. आईला फोन करू? की तू करतेस?"

तिने त्याला बाजूला घेतलं, खिडकीपाशी, जिथे कुणी नव्हतं.

"मागच्या महिन्यात, सहाव्या शर्यतीत, करड्याला का ओढलंस?"

त्याचं हसू तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं, त्याला अजून कुणी कळवलं नसल्यासारखं.

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? समोरून दिसतं."

"समोरची कुणी मागत नाही अशा शर्यतीत," तो पटकन म्हणाला. मग जीभ चावली. "ट्रेनर म्हणाले, आज नुसता फिरवून आण. नाही म्हटलं असतं तर आजचा घोडा मिळाला नसता. सगळेच करतात, ताई. एकदाच केलं मी. आईशप्पथ, एकदाच."

"मी दाखवली त्यांना."

"काय?"

"मीच लावली फिल्म. माझ्या हाताने. मी निळ्यांचा घोडा दाखवत होते. चिप त्यांनी ठेवून घेतलीय."

ताईला वाटलं काडी ओरडेल, भांडेल. लहानपणी तो साध्या पेन्सिलीसाठी घर डोक्यावर घ्यायचा. पण त्याने नुसतं हातमोज्याचं एकेक बोट ओढून तो काढला आणि खिशात ठेवला.

"मग मला बाद का नाही केलं?" त्याने विचारलं.

तिने सांगायच्या आधीच त्याला ते कळलं: बाद झालेला जॉकी हुकमाने घोडा ओढू शकत नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते कळताना तिने पाहिलं, आणि मान फिरवावीशी वाटूनही फिरवली नाही.

पंचांच्या खोलीचं दार उघडलं. शिपाई बाहेर आला.

"काडी, साहेबांनी बोलावलंय. चहा सांगितलाय तुझ्यासाठी."

ताई पुढे झाली.

"तुम्ही नाही, ताई. त्याला एकट्याला."

"कशासाठी?"

"शनिवारच्या मोठ्या शर्यतीबद्दल काहीतरी आहे. निळ्यांचे मालकही आलेत आत, मागच्या दाराने." शिपाई खुशीत होता. "नशीब उघडलं पोराचं."

काडीने सदऱ्याला हात पुसले. ताईने त्याचं मनगट धरलं. तिच्या दोन बोटांत मावणारं मनगट. "जाऊ नकोस," ती म्हणाली. "घरी चल. परवाना गेला तर गेला. आपण बघू काहीतरी."

"काय बघणार, ताई?" तो अगदी हळू म्हणाला, आणि मनगट सोडवून घेतलं.

दार लागलं. थोड्या वेळाने आत कुणीतरी हसलं, आणि पाठोपाठ काडीही हसला. तसं हसताना तिने त्याला कधीच ऐकलं नव्हतं.