दोन जावा, तीन लेन्स

आपल्या डोळ्यात काय बसवायचं हे आपण ठरवावं, असा माझा एक भाबडा समज होता. आमच्या घरात तो फार टिकला नाही. मोतीबिंदू माझा, पण लेन्स निवडायला अख्खं खानदान बसलं. नणंदेने फोनवरून मल्टिफोकलचा धोशा लावला. तिच्या शेजारणीने म्हणे ती बसवली आणि आता औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही घडाघडा वाचते. वाचून करते काय, ते काही नणंदेने सांगितलं नाही. आमचे हे 'सगळे म्हणतील ते' या पक्षाचे. आणि भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेर बाकावर बसले होते, तेव्हापासून अर्धे डॉक्टरच झालेत.

"जवळचं, मधलं, लांबचं, तिन्ही एकाच लेन्समध्ये," ते म्हणाले. "हिलाच विचार. चष्मा कायमचा सुटला."

ही म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही दोघी मिळून रफूचं दुकान चालवतो. कोटाला सिगारेटने भोक पडलं, शाल उंदराने कुरतडली, की त्याच कापडातले धागे काढून उभे-आडवे असे विणायचे की मालकालाही जागा सापडू नये. दोघींच्याही डोळ्यांना लहानपणापासून दांडगा मायनस नंबर, आणि त्या नंबरावरच आमचं पोट चालत आलं. चष्मा कपाळावर ढकलायचा, कापड नाकाशी धरायचं, की मुंगीच्या मिशा मोजून घ्याव्यात. लोकांना चाळिशी लागते तेव्हा ती आमच्या दारावरून तशीच पुढे गेली.

जाऊबाईंनी गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांत ती भारीतली लेन्स बसवली आणि त्यांचा थाटच बदलला. सुई सोडली, गल्ल्यावर बसल्या. "गिऱ्हाइकांशी कुणीतरी नीट बोलायला हवं ना," म्हणाल्या. बरोबरच आहे, मी काय, गिऱ्हाइकांना चावतेच. रफूचा ढीग माझ्यापुढे, आणि समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी कुठला टॉवेल वाळत घातलाय, याची बातमी त्या मला देणार. वर सल्ला, "माझ्यासारखीच घे. जग कसं लख्ख दिसतं."

मला जग नको होतं, धागा हवा होता. काळ्या कोटावरचा काळा धागा हल्ली धुक्यात हरवायचा. सुई धरणारी मी एकटी उरलेली. माझे डोळे गेले की दुकान गेलं, इतका साधा हिशेब होता, आणि त्या विचाराने माझी झोप उडाली होती.

दवाखान्यात जाऊबाई सोबत आल्या, अनुभवी म्हणून. तिथे एक गोड आवाजाची मुलगी प्लास्टिकचा मोठा डोळा उघडून लेन्स समजावत होती, पडद्याचं कापड दाखवावं तशी. साधी, एकाच अंतराची. मधली, लांबच्यासाठी आणि कॉम्प्युटरपुरती. आणि भारीतली, सगळ्याची. माझा हात आपोआप भारीतलीकडे गेला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या आणि काम काय करता म्हणून विचारलं.

"हातकाम," माझ्या आधी जाऊबाईच बोलल्या. कामाच्या गोष्टीत डोळ्यांचं नाव काढायचं नाही, ही आमच्या सासूबाईंची शिकवणच. रफू बोटांनी होतं, डोळे ताणते ती शिकाऊ. "आणि पेपर वाचते."

डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही मनगटापाशी विरली होती. मी त्यांचा हात ओढून घेतला, चष्मा वर केला आणि बाही जवळजवळ नाकाला लावून बघितली. सवय, दुसरं काय. त्यांनी पट्टी आणली आणि माझ्या डोळ्यापासून बाहीपर्यंतचं अंतर मोजलं.

"मल्टिफोकलचं जवळ म्हणजे पुस्तक धरतो तेवढं," त्या म्हणाल्या. "तुमचं जवळ त्याच्या निम्म्याहून कमी आहे. शिवाय ती लेन्स उजेडाची वाटणी करते, काळ्यावर काळं ओळखणं जड जाईल. तुम्हाला साधीच बसवू, जवळचं दिसेल अशी. लांबच्याला चष्मा लागेल."

"पण ह्यांना तर सगळं दिसतं," मी जाऊबाईंकडे बोट केलं. "ह्याही रफूच करायच्या."

"रफू? तुमच्या ऑपरेशनच्या वेळी मला तर तुम्ही नुसतं पेपर वाचते म्हणाला होतात," डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या. जाऊबाई प्लास्टिकच्या डोळ्याचं झाकण लावत बसल्या.

जिन्यात मी सरळच विचारलं.

"टाका दिसत नाही," त्या म्हणाल्या. "डोळ्यावरची पट्टी काढली त्याच आठवड्यात कळलं. चोरून जाड चष्माही लावून पाहिला. कापड दिसतं, काळ्यातला काळा धागा नाही दिसत."

"आणि तरी मला तीच घे म्हणालात?"

त्या कठडा धरून थांबल्या. "दोघींचंही गेलं असतं, तर वय झालं म्हणून दुकान बंद करता आलं असतं. तू रोज माझ्यासमोर सुई ओवतेस. मला बघवत नाही गं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही बाई माझे डोळे घालवायला निघाली होती, तेही गोड बोलून. पण वर्षभर गल्ल्यावर बसून तिने काय गिळलं असेल तेही त्याच क्षणी कळलं, आणि मग धड रागावताही येईना. "चला, बस चुकेल," एवढंच मी म्हटलं.

घरी दरबार भरलेलाच होता. साधी लेन्स ऐकून भाऊजींनी कपाळाला हात लावला. "ऑपरेशन करून पुन्हा चष्माच? आगीतून फुफाट्यात. अगं, हिच्याकडे बघून तरी शीक. कशी सुखात आहे."

सांगून टाकावं असं फार वाटलं. एका वाक्याचं काम होतं, आणि टोमणे मारण्यात मी कधी कुणाला हार गेलेली नाही. पण जाऊबाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. मी फक्त "मला साधीच हवी," म्हटलं.

"हट्टी आहे नुसती," भाऊजी म्हणाले.

"ती हट्टी नाही," जाऊबाई म्हणाल्या. "मला टाका दिसत नाही. वर्षभरात मी एकही घातलेला नाही."

भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, मला किती छान दिसतं ते."

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझ्या हातात पहिली सुई त्यांनीच दिली होती, आणि आजवर दुकानात कधी कशाला माझी परवानगी मागितली नव्हती.

"मला गल्ल्यावर राहू देशील ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.