त्रिज्येच्या जागी व्यास

जाडी मोजायचा व्हर्निअर शोधताना खालचा खण अर्ध्यावर अडकला आणि आबांना सरांचं पत्र आठवलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच ते तिथे कोंबलं होतं. उत्तर दिलं नव्हतं.

"सापडला का?" नातीने खुर्चीतूनच विचारलं. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजातून येऊन तास झाला, तरी तिने पायातले बूट काढले नव्हते.

"शोधतोय गं."

खणाला हिसका दिल्यावर व्हर्निअरबरोबर पत्रही वर आलं. 'आपल्या भाषेत पदार्थांच्या बलशास्त्राचं पुस्तक लिहितो आहे. स्ट्रेनसाठी तुझाच शब्द घेतला आहे. सोबत पाचवं प्रकरण. छापण्याआधी नजर टाकशील तर बरं.'

तुझाच शब्द! पन्नास वर्षांपूर्वी, भाराखाली लोखंडाचा आकार कसा बदलतो ते शिकवताना, सरांनी वर्गात विचारलं होतं, स्ट्रेन म्हणजे काय? इंग्रजीत तोंड उघडायला घाबरणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "विकृती."

"ती तुझ्यात असेल," सर म्हणाले, "लोखंडात नसते."

वर्ग हसून लोळला. त्यानंतर वसतिगृहात, खानावळीत, निकालाच्या फलकासमोर त्याला कुणी नावाने हाक मारली नाही. लग्नाला आलेल्या मित्रानेही नव्या नवरीसमोर साद घातली होती, "काय रे विकृती!"

पत्रात त्या दिवसाबद्दल अवाक्षर नव्हतं. प्रकरण मात्र आबांनी पेन्सिल घेऊन वाचलं होतं. तिसऱ्या उदाहरणात गोल सळईचं क्षेत्रफळ काढताना त्रिज्येच्या जागी व्यास पडला होता. क्षेत्रफळ चौपट, म्हणून सळईही कागदावर चौपट बळकट. आबांनी तीनदा ताडून पाहिलं; स्वतःच्या गणितावर त्यांचा कधीच भरवसा नसे. मग पेन्सिल खाली ठेवली. छापू दे. जन्मात पहिल्यांदा सरांचा कान हातात आला होता आणि तो पिळायला काही करावंही लागणार नव्हतं.

पुस्तक आल्यावर दुकानात उभ्यानेच त्यांनी ते पान काढलं होतं. चूक जागच्या जागी होती. त्या दिवशी ते गुणगुणत घरी आले होते.

"आबा, सळई पुन्हा मोजायचीय," नात म्हणाली. तिने पिशवीतून सळईचा तुटका तुकडा काढला. "बारा मिलिमीटरचीच होती. मला खात्री आहे."

"झालं काय?"

"मॅडमनी विचारलं, किती भाराला तुटेल? मी छातीठोकपणे सांगितलं, दोनशे किलोन्यूटन. पन्नासलाच फटकन तुटली." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "आता मला सगळे 'चौथाई' म्हणतात. शिपाईकाकासुद्धा. उद्यापासून मी जाणारच नाहीये."

"दोनशे आणलंस कुठून?"

तिने पुस्तक पुढे सरकवलं. "पाचव्या प्रकरणातल्या उदाहरणासारखंच केलं. मॅडम म्हणाल्या, याची नवी आवृत्ती येतेय, तीच घ्या सगळ्यांनी."

आबांनी पुस्तक उघडलं नाही. "सळई बरोबर आहे. चूक पुस्तकात आहे. व्यास पडलाय, त्रिज्या हवी."

तिने मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"न बघताच कळलं तुम्हाला?"

आबांनी व्हर्निअर तिच्या हातात दिला आणि चष्मा पुसायला घेतला.

संध्याकाळी ते लिहायला बसले. पहिल्या पत्राची चार पानं झाली; त्यात वसतिगृह होतं, खानावळ होती, लग्नातला मित्र होता. पत्र फर्डं झालं होतं. सरांना जेवण गेलं नसतं. आबांनी ते दोनदा वाचलं, चवीने वाचलं आणि फाडलं.

दुसरं अर्ध्या पानात संपलं.

'पाचवं प्रकरण, तिसरं उदाहरण. त्रिज्येच्या जागी व्यास पडला आहे. मला सहा वर्षांपूर्वीच दिसलं होतं. मुद्दाम कळवलं नाही. त्या दिवशी वर्गात आपण म्हणालात ते खरं निघालं.'

खाली सही केली: 'विकृती'.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या फटीत पाकीट अडकलं. आबांनी ते बोटाने आत ढकललं.