रिकाम्या ओळी चालणार नाहीत

झाक्सिलिकने पडद्यावरच्या पहिल्या नावावर बोट ठेवले आणि ते एकेक ओळ खाली आणले. सेयितकाली, मुसाबेक, ओतेगेन, बायिम्बेत, तिलेमिस, शाग्राय, कोइसारी. सातव्या नावाशी बोट थांबले. त्याने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि दुसऱ्यांदा वाचले. नावे तीच होती. बापापासून वर सातव्या पिढीपर्यंतची ही माणसे त्याची स्वतःची होती. आणि ती आपली म्हणून लिहून पाठवणारी बाई तेमिरताऊची होती, उमसिन नावाची, वय एकाहत्तर. त्याने तिला कधी पाहिलेही नव्हते.

"कुल्याश, जरा इकडे ये!"

"हाताला पीठ लागलंय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिथूनच बोला."

"कुणीतरी माझे आजे चोरलेत."

"बरं झालं. सांभाळून सांभाळून थकलाच होतात."

झाक्सिलिक हसला नाही. तंत्रविद्यालयात तो भूमापन शिकला होता आणि छत्तीस वर्षे त्याने करागांदाभोवतीची जमीन मोजली होती. आरंभबिंदू चुकला की शेवटचा खांब शेजाऱ्याच्या अंगणात जातो, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्याने गवताळ प्रदेशाच्या इतिहासावर चर्चा करणारा गट इंटरनेटवर सुरू केला, तेव्हा नवागतांसाठीचा फॉर्म स्वतः आखला. पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या सात पूर्वजांची नावे लिहायची. ज्याला स्वतःचे सात आजे सांगता येत नाहीत, त्याने दुसऱ्यांच्या इतिहासात कशाला लुडबुड करावी? नमुना म्हणून वर त्याने स्वतःचीच नावे छापली होती. परवानगीवाचून इतरांची छापणे त्याला प्रशस्त वाटले नव्हते.

उमसिनने हा फॉर्म आधी दोनदा पाठवला होता. दोन्ही वेळा पहिल्या ओळीत बापाचे नाव आणि खाली सहा ओळी कोऱ्या. सोबत चिठ्ठी होती : दुष्काळानंतर वडील करागांदाच्या अनाथालयात वाढले, आडनावही तिथेच मिळाले; मला एवढेच विचारायचे आहे की तिथल्या मुलांना नावे कोण देत असे. झाक्सिलिकने दोन्ही वेळा उत्तर दिले होते : "रिकाम्या ओळी चालणार नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून भराव्यात."

गटाचे काम त्याच्याबरोबर पाहणारी मेरुएर्त शाळेत शिकवत असे. त्याला ती अगा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत असे. तिने तेव्हा फोन केला होता.

"अगा, वर्षभरात एक्केचाळीस जण दाराशी आले. आत आले तीन. या वयस्कर आपांना निदान विचारू तरी द्या. नाहीतर दोन वर्षांनी आपण एकमेकांचे मृत्युलेख लिहीत बसू."

"पाया नसला की भिंत तिरपी जाते, पोरी."

"भिंत आहेच कुठे, अगा? नुसता पायाच घालतोय आपण."

त्या बोलण्याचा सल त्याच्या मनात होताच. आता त्याने दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवल्या, खाली उमसिनचे नाव घातले आणि सूचनापानावर लिहिले : इतिहासाची सुरुवात चोरीने होत नाही.

चार महिने निपचित पडलेला गट तासाभरात जागा झाला. "झाक्सिलिक अगा, अभिनंदन! म्हातारपणी बहीण झाली." "वाटणी मागायला येईल, मेंढ्या लपवा." "बहिणीच्या आहेराचा खर्च नको म्हणून आजे परत मागताय होय?" झाक्सिलिकने प्रत्येक शेरा वाचला. अर्धवट थंड झालेला चहा त्याने चवीने संपवला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, त्याला निरोप आला.

"अगा, मी उमसिन आजीची नात, तोगझान. तिला टंकता येत नाही, फॉर्म मीच पाठवत होते. चोरी नव्हती. दोनदा परत आला तेव्हा आजी म्हणाली, पूर्वी पोरकं मूल वस्तीवर आलं की घरधनी त्याला आपलेच सात आजे देत असे. हे मोठ्या मनाचं घर दिसतंय, नावं वर लिहूनच ठेवलीत. ती फार खूश होती. शुक्रवारी मेलेल्यांसाठी सात शेलपेक पोळ्या तळतात, ते ती जन्मभर तळत आली. पण कुणाच्या नावाने, ते तिला माहीत नसायचं. गेले तीन शुक्रवार ती एकेक पोळी उचलायची आणि तुमचं एकेक नाव घ्यायची. काल शेजारणीने तुमचं पान तिला वाचून दाखवलं. आजही तिने पोळ्या तळल्या, तोंड मिटून. मी विचारलं तर म्हणाली, दुसऱ्यांची माणसं आहेत, आपण हाक मारू नये. बाकी तक्रार नाही. फॉर्म काढून टाका."

झाक्सिलिकने निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग त्याने अल्माटीला, मुलाला फोन लावला.

"सान्झार, ओतेगेनचा बाप कोण?"

"कोण ओतेगेन?"

"आपले आजे म्हण बघू."

"बाबा, बरं आहे ना तुम्हाला? सेयितकाली आजोबा. मग मुसा... मुसाबेक. पुढचे तुमच्या त्या पानावर आहेत की. लागले तर बघेन मी. मीटिंगमध्ये आहे, आईला सांगा संध्याकाळी करतो."

फोन बंद झाल्यावर त्याने सूचनापान पुसून टाकले. त्याबरोबर सगळ्या थट्टाही गेल्या. मग तो उमसिनला लिहायला बसला. आधी गटाच्या नियमांची पार्श्वभूमी लिहिली, क्रमवार, पाच मुद्द्यांत. ती खोडली. शेवटी एवढेच उरले : "उमसिन बहिणीस. नावे तुमचीही आहेत. कृपा करून घेत जा."

निरोप गेला नाही. हे खाते बंद करण्यात आले आहे, असे उत्तर आले. नातीच्या नावाने पाठवून पाहिले. ते खातेही बंद होते.

त्याने तिचे तिन्ही फॉर्म उघडले आणि वरपासून खालपर्यंत नीट तपासले. नाव, गाव, वय. त्यानंतर मेलेल्यांसाठी सात ओळी, सारख्या अंतरावर, सरळ आखलेल्या. जिवंत माणसाचा पत्ता किंवा फोन विचारणारी एकही ओळ त्याने अकरा वर्षांत घातली नव्हती.

कुल्याश दारात येऊन उभी राहिली.

"आज कुणी नवं आलं का तुमच्याकडे?"

"एक बाई आल्या होत्या," तो म्हणाला. "तेमिरताऊच्या."

"मग? बसा तरी म्हणालात का त्यांना?"