पोगेनझिपे घराण्यातून बाहेर पडण्याची खटपट

माल्टे पोगेनझिपेला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्याला म्युलर व्हायचं होतं.

ही काही फार मोठी मागणी नव्हे. जर्मनीत गर्दीत दगड भिरकावला तर तो म्युलरला लागतो, आणि शेजारी उभा असलेला दुसरा म्युलर त्याला दवाखान्यात नेतो. पोगेनझिपे मात्र साऱ्या जगात तीनच उरले होते आणि तिघंही नीडरलोहे गावात, एकाच चर्चच्या घंटेच्या टप्प्यात. पहिली माल्टेची आत्या हिल्ट्रुड, दुसरा तिचा चुलतभाऊ गेर्विनकाका, आणि तिसरा तो स्वतः.

तिघांचं रीतसर नोंदवलेलं 'पोगेनझिपे कुलमंडळ' होतं. एके काळी वार्षिक मेळाव्याला तंबू ठोकावा लागे. आता आत्याच्या स्वयंपाकघरातलं टेबल पुरायचं, वर त्याची एक बाजू रिकामीच राहायची. आत्या अध्यक्ष, काका खजिनदार, आणि माल्टे कार्यवाह, हिशेबतपासनीस नि अख्खी युवा शाखा. युवा शाखेची निवडणूक दर वर्षी व्हायची. एकदा माल्टे तटस्थ राहिला, तेव्हा शाखा वर्षभर प्रमुखाविना चालली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यामुळे फ्राउके म्युलरनं लग्नाला होकार दिला, त्याच दमात त्यानं दुसरा प्रश्न विचारला. "तुझं आडनाव मी घेतलं तर?"

फ्राउके गावोगावची धुराडी साफ करायची. नुकतीच कामावरून आली होती, कपाळाला काजळी तशीच होती. "घे की," ती म्हणाली. "आमच्यात पुष्कळ आहे. संपत नाही."

कायद्याची आडकाठी नव्हती. नवरा-बायकोनं दोघांतलं कुठलंही एक नाव उचलावं. आडकाठी होती ती आत्याची.

रविवारी कॉफीच्या वेळी त्यानं विषय काढला. आत्या त्याच्या केकवर फेटलेली साय वाढत होती. ती ऐकत राहिली आणि वाढत राहिली. केक दिसेनासा झाला.

"म्युलर," ती शेवटी म्हणाली. "शूरवीर पोग्गोचा वंशज. म्युलर."

शूरवीर पोग्गो धर्मयुद्धात गाजला आणि बादशहानं त्याला ही जमीन बहाल केली, असं आत्याचं म्हणणं. गावच्या मास्तरांचं म्हणणं निराळं होतं. इकडच्या जुन्या बोलीत 'पोगे' म्हणजे बेडूक आणि 'झिपे' म्हणजे पाणथळ घळ, तेव्हा बेडकांच्या घळीत ज्यांचं शेत ते पोगेनझिपे. आत्याच्या मते मास्तर मूळचे शेजारच्या ओबरलोहेचे असल्यामुळे त्यांच्या पोटात दुखत होतं.

"आत्या, अगं शाळेत हजेरीला माझं नाव आलं की अख्खा वर्ग डरावडराव करायचा."

"पोग्गोला बाण लागले होते, बाळ. तो पळाला का?"

"पोग्गो मुळात होता का?"

"गेर्विन, याला मंडळाची घटना ऐकव."

काकानं तोंडातला घास न संपवता ऐकवली. "सभासद पोगेनझिपे नावाचाच हवा. तिघांहून कमी उरले की मंडळ बरखास्त. आणि सगळी मालमत्ता..." त्यानं घास गिळला, "ओबरलोहेच्या कबुतरपालक संघाला."

"असलं कलम कुणी घातलं?"

"तुझ्या आजोबांनी. त्यांना वाटलं, शिक्षाच एवढी भयंकर ठेवली तर कोण सोडून जाईल?"

"आणि मालमत्ता म्हणजे नक्की काय?"

"तंबू. बीअरचे मग. आणि तुझ्या दारावरची पाटी."

"पाटीवर कबुतरं बसतील, माल्टे," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ते पाहून माल्टेनं सायीचा डोंगर मुकाट्यानं संपवला.

ती पाटी म्हणजे हातभर जाडीच्या अभिमानाचा पत्रा. पूर्वजांच्या ज्या जुन्या शेतघरात माल्टे राहत होता, त्याच्या मोठ्या दरवाज्यावर आजोबांनी ती ठोकली होती. तिच्यावर पोग्गो घोड्यावर बसलेला, खाली सोनेरी अक्षरांत आडनाव. घरात शिरायचं तर तिच्याखालूनच, बाहेर पडायचं तरी तिच्याखालूनच.

आठवडाभरात गावाला कुणकुण लागली. बेकरीवाला शनिवारी पोगेनझिपेंच्या मानाचा बेडकाच्या आकाराचा पाव करायचा. माल्टे आत शिरताच त्यानं टोपली मागे ओढली. "म्युलरांसाठी तो तिकडचा. साधा." अग्निशमन दलाच्या प्रमुखानं रस्त्यात गाठून विचारलं, "उद्या आग लागली, तर कुठल्या म्युलरकडे यायचं रे आम्ही?" पाद्रीबाबांनी नाव घेतलं नाही. त्यांनी नष्ट होत चाललेल्या सर्व प्राण्यांसाठी प्रार्थना केली आणि ती संपेपर्यंत माल्टेकडे बघत राहिले.

"जाऊ दे ना," फ्राउके म्हणाली. "मी होते पोगेनझिपे."

"अजिबात नाही! निदान तू तरी बाहेर राहा."

"मी विहिरीत उडी नाही मारत आहे, माल्टे."

"सुरुवातीला तसंच वाटतं," माल्टे म्हणाला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गाव भांडी फोडायला जमलं. नवरा-नवरीच्या दारात चिनी मातीची भांडी आपटायची आणि त्या दोघांनी जोडीनं तुकडे झाडायचे, की संसार सुखाचा होतो. ताटं फुटली, किटल्या फुटल्या, कुणी तरी न्हाणीघरातल्या फरशा आणल्या होत्या. माल्टे पाटीखाली उभा राहून झाडत होता. उद्या सकाळी आपण म्युलर, एवढ्या एका विचारावर झाडत होता.

मग अग्निशमन दलाचा प्रमुख ट्रॅक्टरवरून जुना कमोड घेऊन उतरला. कमोड फोडणं हे त्या भागात फार जवळिकीचं लक्षण आहे. त्यानं तो दोन्ही हातांनी झोकला. झोका प्रेमाच्या मानानं मोठा झाला. कमोड उंच गेला आणि थेट पोग्गोवर आदळला. पाटी एका खिळ्यावर क्षणभर लोंबली आणि धाडकन खाली आली.

मागे ओकची तुळई होती. घर बांधणाऱ्या जोडप्यानं दारावरच्या तुळईत आपली नावं कोरायची, ही तिथली रीत. गावातल्या प्रत्येकाला शेजाऱ्याची तुळई पाठ होती. पोगेनझिपेंच्या तुळईवर मात्र आजोबांनी घराण्याच्या अभिमानापोटी घराण्याचीच पाटी ठोकून ठेवली होती.

फ्राउके शिडीवर चढली, बाहीनं धूळ पुसली आणि मोठ्यानं वाचलं. "योस्ट म्युलर, ऊर्फ पोगेनझिपे, आणि त्याची बायको आना यांनी हे घर देवाच्या भरवशावर बांधलं."

समजावून सांगायची गरज कुणालाच पडली नाही. जुन्या काळी त्या मुलखात पुरुष शेतघरात लग्न करून आला की आपलं नाव उंबऱ्याबाहेर ठेवायचा आणि शेताचं घ्यायचा.

"घरजावई होता म्हणा की," बेकरीवाला म्हणाला.

दलाच्या प्रमुखानं पोग्गोसाठी टोपी काढली. आत्या पालथ्या बादलीवर बसली.

"आत्या!" माल्टे आनंदानं झाडू नाचवत होता. "आपण सगळे म्युलरच आहोत! मी कुठं पळत नाहीये गं, मी घरी चाललोय!"

आत्यानं तुळईवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "गेर्विन, घटना बदलायला किती मतं लागतात?"

"तिघांतली दोन."

"तुझं आणि माझं."

"झाली की."

"मग लिही. सभासद पोगेनझिपे किंवा म्युलर असावा."

झाडू थांबला. "आत्या, म्युलर लाखांनी आहेत या देशात."

"हो ना," आत्या म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं तेज पोग्गोनंसुद्धा कधी आणलं नव्हतं. "तंबू पुरायचा नाही रे."

सकाळी नोंदणी कचेरीत माल्टेनं सही केली आणि म्युलर झाला. अधिकाऱ्याच्या टेबलापासून दारापर्यंत तो नुसता म्युलर होता. ती वाट त्यानं जमेल तितकी हळू चालून घेतली.

पायऱ्यांवर आत्या सभासदत्वाची दोन कार्डं घेऊन उभी होती. दोन्हींवर 'म्युलर ऊर्फ पोगेनझिपे'. फ्राउकेनं आपलं खिशात टाकलं.

"राजीनामा देता येतो का?" माल्टेनं विचारलं.

"येतो की," काका म्हणाला. "कार्यवाहाकडे द्यायचा."

"कार्यवाह मीच आहे."

"मग मंजूर करतोस का बघ. पण आधी निवडणूक. युवा शाखेत आता दोघं आहेत."

निवडणूक पायऱ्यांवरच झाली. माल्टेनं मत फ्राउकेला दिलं, फ्राउकेनं माल्टेला. मतं समसमान पडल्यावर निर्णायक मत अध्यक्षांचं. आत्यानं दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं.

"फ्राउके," ती म्हणाली.

नव्या प्रमुखानं लगेच पहिला हुकूम काढला. "माल्टे, पाटी परत लाव. तुळई झाकू नकोस, जरा खाली घे."

घरी जाऊन म्युलरनं हातोडा शोधला. पाटी खाली आल्यामुळे दार बुटकं झालं, आणि त्या दिवसापासून आत जाताना नि बाहेर येताना त्याला तिच्यापुढे वाकावं लागतं.