उजवीकडचे हात

उजवीकडच्या हातांनी तुकडा पुन्हा हिसकावून घेतला, तेव्हा ताईनं चित्रफीत थांबवली, थोडी मागे नेली आणि परत सुरू केली.

पडद्यावर फक्त एक टेबल होतं आणि टेबलावर चार हात. पांढरे सुती हातमोजे घातलेले, मनगटापासून कोपरापर्यंत राखाडी बाह्या चढवलेले. ना बांगडी, ना घड्याळ, ना सुरकुती. बाई की पुरुष, म्हातारा की तरणा, काही कळायला मार्ग नव्हता. आणि कळू नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. आवाजही काढून टाकलेला. मधोमध तळ्याचं एक चित्र तुकड्यातुकड्यांनी जुळत होतं आणि त्या तळ्यावरून पांढरे हात अलगद फिरत होते.

बाहेर रणरणती दुपार होती. निरीक्षणाच्या खोलीत मात्र जाड पडद्यांमुळे कायम संध्याकाळ असायची. दिवसचे दिवस हेच पाहून ताईला अलीकडे जिकडेतिकडे हातच दिसत. बसमध्ये, दुकानात, झोपेतसुद्धा. झोपेत ते हात तिच्या पांघरुणावर तुकडे मांडत बसायचे आणि चित्र पुरं व्हायच्या आत तिला जाग यायची.

प्रयोग बाईंचा होता. विभागप्रमुख बाई म्हणजे पद्धतीच्या बाबतीत सोवळं पाळणारी बाई. त्यांनी लग्न केलं नाही, कारण तुलनेसाठी दुसरा नवरा मिळाला नाही, असं विभागात गमतीनं म्हणत. एकाच घरातली दोन माणसं मिळून एक काम करतात तेव्हा कोण कोणाला किती वाव देतं, हे त्यांना मोजायचं होतं. घरोघरची जोडपी, भावंडं, मायलेकी येऊन हातमोजे चढवून तळं जुळवून गेली होती. त्या चित्रफिती दोन निरीक्षकांनी वेगवेगळ्या बघायच्या. हात पुढे आला, थांबला, तुकडा दिला, मागितला, काढून घेतला. प्रत्येक हालचालीची नोंद करायची. माणसं कोण हे निरीक्षकांना सांगायचं नाही. दोघांचं जुळलं तर ते खरं धरायचं, नाही जुळलं तर पुन्हा बघायचं.

दुसरा निरीक्षक होता चष्मिष. नुकताच पदवी घेऊन आलेला, बोलताना अडखळणारा, पण नजर घारीची. दोघांच्या मध्ये प्लायवुडची फळी होती. ताईला ताई हे नाव घरच्या धाकट्या भावानं दिलेलं. ते तिच्यामागोमाग नोकरीवरही येऊन पोचलं होतं.

नोंदी संपल्यावर दोघांनी आकडे जुळवून पाहिले आणि चष्मिष खुर्चीसकट मागे सरकला.

"ताई, एकही फरक नाही. असं आजवर कधी..."

"झालं नव्हतं."

"हो. म्हणजे ही जी उजवीकडची व्यक्ती आहे ना, ती जरा..."

"जरा? चांगलीच आगाऊ आहे," ताई म्हणाली. "डावीकडचा बिचारा तुकडा उचलतो, फिरवून बघतो, तोवर हिनं हातातून घेतलासुद्धा. आणि बसवलाही बरोबर, हेच तर वाईट."

"मला डावीकडचे हात..."

"आवडले. मलाही."

चष्मिषला बहुधा आणखी काही म्हणायचं होतं. त्यानं चष्मा पुसला आणि ते राहून गेलं.

ताईनं चित्रफितीचा शेवट पुन्हा लावला. शेवटी शेवटी डावीकडचे हात काहीच करत नव्हते. टेबलाच्या कडेला एकमेकांवर ठेवून दिले होते, पाहुण्यानं ठेवावेत तसे. समोर तळं भराभर पुरं होत होतं. ते निमूट पडलेले हात ती पाहत राहिली. परक्या माणसाचे हात, पण जीव तुटला. असंच तर होतं, तिला वाटलं. कोणीतरी एक जण आपल्याला मोजणीतून वगळून टाकतो, आणि आपण बसतो कडेला.

तिच्या मनात बाबा होते. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ गाडी घेऊन येणार होता आणि बाबांना त्याच्या गावी घेऊन जाणार होता. आई गेल्यापासून बाबा ताईकडे होते. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, फळ्यावर हातानं अख्खा खंड काढणारा. तिच्या घरात आल्यापासून मुका झाला होता. चहा समोर आला की प्यायचा, ताट आलं की जेवायचं, उरलेला वेळ खिडकीशी. ताईनं काही कमी केलं नव्हतं. औषधं, कपडे, चपला, सगळं त्यांनी मागायच्या आत हजर. तरी भावानं फोनवर सहज विचारलं, "बाबा, येता का कायमचे इकडे?" आणि बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. नाही म्हणाले नाहीत, बघू म्हणाले नाहीत. त्या एका शब्दाचा काटा ताईला तेव्हापासून सलत होता. आपण जीव टाकावा आणि समोरच्यानं ढुंकूनही पाहू नये, याला काय म्हणायचं?

चार वाजता बाई किल्ली घेऊन आल्या. किल्ली म्हणजे त्यांच्याजवळ बंद असलेली यादी: कुठल्या क्रमांकाच्या चित्रफितीत कोण. या गटाच्या नोंदी पुऱ्या झाल्या होत्या, म्हणून ती आज उघडायची होती. बाई उभ्या उभ्याच वाचत गेल्या. आजी आणि नातू. नवरा-बायको. जुळ्या बहिणी. मग त्या थांबल्या, कपाळाला आठी घातली.

"ही इथे कशी आली? कॅमेरा तपासायला घेतलेली क्लिप आहे ही. वगळायची होती."

"कुठली?" चष्मिषनं विचारलं.

"तुमचं दोघांचं शंभर टक्के जुळलं ती." बाईंनी मान वर केली. "ताई, यात तू आहेस. तू आणि तुझे वडील."

ताईला आठवलं. थंडीतली गोष्ट. कॅमेरा बसवला त्या दिवशी कोणीतरी दोन माणसं हवी होती, आणि बाबा तिच्याबरोबर आलेले होते, दवाखान्यातून परस्पर. दहा-पंधरा मिनिटांचं काम. ती पार विसरून गेली होती.

तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चार पांढरे हात, तळं. आपलेच हात आपल्याला ओळखू येऊ नयेत म्हणजे कमाल झाली. मग तिला चित्रीकरणाच्या खोलीतली आपली खुर्ची आठवली. खिडकीकडची खुर्ची. ऊन पाठीवर येत होतं. आणि खिडकीकडची खुर्ची कॅमेऱ्यात डावीकडे येते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

म्हणजे कडेला ठेवून दिलेले ते हात तिचे होते.

तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं समाधानही होतं. दोन निरीक्षकांनी, काही माहीत नसताना, तेच म्हटलं होतं जे ती इतके दिवस मनात म्हणत होती. बाबांनीच तिला जागा दिली नव्हती. जाऊ देत. भावाकडे सुखी राहोत. तिच्याकडून कसूर झाली नव्हती. आता त्याला पुरावाही होता.

"मी डावीकडे होते," ती म्हणाली. "खिडकीशी."

"खिडकीशी होतीस," बाई यादीवर बोट ठेवत म्हणाल्या. "पण ही उलटवलेली आहे."

उलटवणं ही बाईंचीच युक्ती. बघणाऱ्याची नजर एका बाजूला जास्त ओढते, म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या चित्रफिती आरशात पाहिल्यासारख्या फिरवून ठेवायच्या. डावं ते उजवं, उजवं ते डावं. ताईनं स्वतः त्या चिठ्ठ्या टाकायला मदत केली होती.

चष्मिषनं खाली पाहिलं आणि कागद नीट करायला घेतले. ते आधीच नीट होते.

"माझ्या नोंदी बाद करा," ताई म्हणाली. "स्वतःच्या माणसाचं निरीक्षण चालत नाही. तुमचाच नियम आहे."

"क्लिप बाद होईलच," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर नेहमीपेक्षा मऊ होता. "पण नोंदी चुकीच्या नाहीत गं. तुला माहीत नव्हतं तेव्हा केल्यास तू."

घरी जाताना ताई बसमध्ये न चढता चालत निघाली. रस्त्यावर उतरतीचं ऊन होतं आणि सगळं जरा पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं. एका दुकानाच्या पायरीवर एक बाई लहान मुलीच्या सँडलचा पट्टा लावत होती. मुलगी पाय मागे ओढून "मी, मी" म्हणत होती. ताई तिथे इतका वेळ उभी राहिली की त्या बाईनं विचारलं, "काही हवंय का?" ताईनं मान हलवली. तिला बाबांचा चहा आठवत होता. ते साखरेकडे हात नेत आणि तोवर तिनं साखर घातलेली असे. ते एखादं नाव आठवत थांबत आणि ती ते सांगून टाकी. बरोबर सांगे. नेहमी बरोबर.

"बरं," असंच म्हणत मग बाबा. दुसरं काय म्हणणार होते?

दार उघडंच होतं. बाबा खोलीत जमिनीवर बसले होते. समोर पुठ्ठ्याचं खोकं, त्यात त्यांचे नकाशे आणि पुस्तकं, आणि खोक्याभोवती गुंडाळायला सुतळी. सुतळी एकदा आडवी गेली होती, उभी जाताना निसटत होती. त्यांनी ती पुन्हा खालून घेतली. पुन्हा निसटली.

"द्या," हा शब्द ताईच्या ओठांपर्यंत आला. हात तर त्याच्याही पुढे गेला होता. तिनं तो मागे घेऊन गुडघ्यावर ठेवला आणि त्यांच्या समोर, फरशीवरच, फतकल मारून बसली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. सवयीनं सुतळी पुढे केली. तिनं घेतली नाही.

"थकलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही. बसलेय नुसती."

त्यांनी सुतळी परत आपल्याकडे ओढली. वेळ लागला. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. एका फेऱ्यानंतर ते थांबले, खोक्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्या वरच्या नकाशात एक नदी आहे. मी वर्गात तिचं नाव नेहमी... काय बरं..."

ताईला ते नाव माहीत होतं. ते जिभेवर येऊन बसलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले.

बाबा शोधत राहिले. आणि मग ते नाव त्यांना सापडलं, आणि नावामागून नदीच्या दोन उपनद्या, एक घाट, एका पुरात वाहून गेलेली शाळा, आणि त्या शाळेतली ताईची आई, तरुण, ओल्या वह्या उन्हात वाळत घालणारी. हे सगळं ताईनं कधीच ऐकलेलं नव्हतं. कधी ऐकणार? इतका वेळ तिनं त्यांना बोलू कुठं दिलं होतं? ती ऐकत राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलं नाही.

सुतळीची दोन टोकं आता वर एकत्र आली होती. बाबांनी एक वेढा घातला आणि तो सुटू नये म्हणून धरायला त्यांना तिसरा हात नव्हता.

"जरा बोट ठेव इथं," ते म्हणाले.

तिनं बोट ठेवलं. त्यांनी सावकाश दुसरा वेढा घेतला, टोक खालून काढलं, सारखं केलं.

"हं. काढ आता. आवळतो."

ताईचं बोट तिथंच राहिलं.

बाबांनी वाट पाहिली. टोकं दोन्ही हातांत धरलेली होती. त्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तो सकाळी लवकर येतो म्हणालाय," ते म्हणाले.

"तुम्हाला घाई आहे का, बाबा?"

उत्तर लगेच आलं नाही, आणि या वेळी ताईनं ते त्यांच्यासाठी पुरं केलं नाही.

"मला?" बाबा म्हणाले, आणि त्यांच्या हातांतली सुतळी थोडी सैल झाली. "मला कसली घाई?"